इथे फाडा

शनिवारी सकाळी अभिमन एका भावी नगरसेवकाच्या गालावरचा तीळ पुसत होता. जळगावात स्टँडमागच्या गल्लीत त्याचं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस उद्याचा होता, फ्लेक्स चौकभर लांब होता आणि त्या मापाला ताणल्यावर तीळ बटाट्याएवढा दिसणार होता. तीळ निम्मा गेला असेल, तोच मोबाईल वाजला.

"भाऊ, पाकिटवर जो नंबर शे तो तुमनाच ना?"

"कोणतं पाकीट?"

"टॅक्टरनं. म्होरे लाल टॅक्टर शे. मांगे बारीक अक्षरमा लिखेल शे, मुखपृष्ठ अभिमन, आनि हाऊ नंबर."

अभिमन खुर्चीत सरळ झाला. इतकी वर्षं त्यानं गावभरचे चेहरे मोठे केले होते. ज्याचा खर्च त्याचा चेहरा मोठा, एवढाच त्या धंद्याचा कायदा. स्वतःचं नाव छापलेलं हे पहिलंच काम होतं, आणि ते बारीक अक्षर कुणी वाचेल असं त्याच्या बायकोलाही वाटलं नव्हतं.

"हो हो, मीच. बोला ना. कसं वाटलं कव्हर?"

"कव्हर झकास शे. मी निंबा, भडगावकडना. टॅक्टर चालाडस. मी तक्रार करी नही ऱ्हायनू बरं का, फक्त इचारी ऱ्हायनू. टॅक्टरना पाकिटमा कानबाईनं गानं काब्र टाकं तुम्ही?"

पडद्यावर भावी नगरसेवक निम्म्या तिळानिशी हसत राहिला.

"एखादं पाकीट चुकलं असेल हो," अभिमन म्हणाला.

"एखादं नही. पंपवरथून ज्यासनी ज्यासनी लिधं, त्या बठ्ठासले तेच निंघनं. आम्ही आपसमा इचारी दखं."

अभिमननं फोन ठेवला. ट्रॅक्टरवाल्यांच्या पाकिटात कानबाईच्या गाण्यांचा पेनड्राईव्ह गेला असेल, तर बायांसाठी केलेल्या कानबाईच्या पेटीत काय गेलं असेल, हे कळायला कुठली पदवी लागत नाही. आणि कानबाई उद्या बसणार होती. श्रावणातल्या त्या रविवारी खान्देशात घराघरात नारळाला डोळे, नाक, नथ लावून देवी सजवतात, प्रसादाचे रोट करतात, रात्रभर गाणी म्हणतात आणि सोमवारी तिला नदीवर नेतात. त्या रात्री देवीसमोर काय वाजणार, या विचारानं अभिमननं संगणकच बंद केला. तीळ तसाच राहिला.

सगळं सुरू झालं होतं ते धुळ्याच्या प्रेमराजपासून. प्रेमराजचं मोबाईलच्या कव्हरांचं दुकान, आणि त्याच दुकानाच्या माळ्यावर त्याची म्युझिक कंपनी. कंपनी म्हणजे एक माईक आणि भिंतींना ठोकलेल्या जुन्या गोधड्या. गाणी यूट्यूबवर टाकली की लोक फुकटात ऐकतात, म्हणून तिथं ती दिवाळीनंतर टाकायची आणि आधी पेनड्राईव्ह विकायचे, हा त्याचा नियम. ट्रॅक्टरच्या टेपला खाच असते, बायकांच्या बचत गटाच्या स्पीकरलाही असते. खाच तिथं गिऱ्हाईक, असं तो म्हणायचा.

यंदा त्यानं दोन अल्बम एकदम काढले. एक ट्रॅक्टरवाल्यांसाठी, त्यातलं मुख्य गाणं होतं ‘मडगारवर बस वं शेवंता’. या गाण्यात शेवंता ट्रॅक्टरच्या चाकावरच्या मडगारवर बसते आणि पुढं जे होतं ते ट्रॅक्टर चालवताना करू नये असं आहे. दुसरा अल्बम कानबाईच्या गाण्यांचा, वच्छलाबाईंच्या आवाजातला. वच्छलाबाई म्हणजे अभिमनची सख्खी आत्या, भडगावजवळ गिरणाकाठच्या गावात दिलेली.

शेवंताचा ठेका प्रथम ऐकला तेव्हाच अभिमनला वाटलं होतं, ही चाल आपण कुठंतरी ऐकली आहे. कुठं ते आठवेना.

"ही चाल सुचली कशी रे तुला?" त्यानं विचारलं होतं.

"चाल सुचत नसते भाऊ," प्रेमराज म्हणाला, "येऊन बसते." कुठून येऊन बसते, ते त्यानं सांगितलं नाही.

दोन्ही अल्बमना एकच प्लास्टिकचं पाकीट घालू आणि वरचं स्टिकर बदलू, असं प्रेमराजचं मत. अभिमनला ते पटलं नाही. जसं गाणं तसं अंगडं पाहिजे, आणि जसा ऐकणारा तसं गाठोडं, हे त्याचं म्हणणं. तो ट्रॅक्टरवाले बसतात त्या पंक्चरच्या दुकानावर संध्याकाळभर जाऊन बसला आणि ही माणसं पाकीट कशी उघडतात ते बघत राहिला. हात ऑइलचे, म्हणून दातानं फाडतात, हे त्याला कळलं. मग त्यानं पाकिटाच्या कोपऱ्याला दातात बसेल अशी खाच ठेवली, बाण काढला आणि लिहिलं, ‘इथे फाडा’. लाल ट्रॅक्टर असा छापला की लांबून टांगलेलं पाकीटही उभ्या ट्रॅक्टरसारखं दिसावं.

कानबाईच्या पेटीला मात्र ‘इथे फाडा’ लिहायला त्याचा हात धजेना. देवीच्या पेटीवर असं कुणी लिहितं का. त्यानं देवघरासारखी पुठ्ठ्याची पेटी केली. वरच्या भागाला दोन दारं, दोन्ही दारांवर मिळून कानबाईचा मुखवटा: चांदीचे डोळे, नथ, लाल वस्त्र. अर्धा चेहरा या दारावर, अर्धा त्या. आणि दोन्ही दारं मधोमध धरून ठेवायला एक गोल लाल सील, अगदी कपाळावर. म्हणजे सीलच कुंकू. हे सुचलं त्या दिवशी तो घरी जेवताना आपोआप हसत होता.

पेनड्राईव्ह एकाला लाल, एकाला काळे घेऊ, असं प्रेमराज सांगत होता. अभिमन म्हणाला, "सगळे काळे घे. काळा रंग भारी दिसतो." पाकिटं-पेट्या भरताना धुळ्याला प्रेमराजच्या घरी पेनड्राईव्हची दोन घमेली होती, एक शेवंतेचं, एक कानबाईचं. फरशी पुसायला कुणी ती उचलली आणि पुसून झाल्यावर परत ठेवली. कोणतं कुठं ठेवलं, ते काळ्या पेनड्राईव्हना विचारून उपयोग नव्हता.

अभिमननं प्रेमराजला फोन लावला. सगळं ऐकून प्रेमराजनं उलट विचारलं.

"तक्रार कोणाची आली? बायकांची?"

"नाही. ट्रॅक्टरवाल्याची. तीही तक्रार नव्हती म्हणे."

"मग बायकांची का नाही आली? पेट्या जाऊन आठवडा झाला, अभिमनभाऊ. आपल्याकडच्या बाया. भाजीत मीठ जास्त पडलं तर गल्ली गोळा करतात, आणि कानबाईत शेवंता निघाली तरी चूप?"

प्रश्न बिनतोड होता. भीतीच्या जागी अभिमनच्या मनात कुतूहल शिरलं, आणि कुतूहल हे भीतीपेक्षा वाईट. भीतीनं माणूस घरी बसतो.

आधी खात्री करावी म्हणून त्यानं कपाटातली नमुन्याची पेटी काढली, ब्लेड घेतलं. कुंकवावर टेकवलं. चांदीचे डोळे त्याच्याकडं बघत होते. ते त्यानंच काढलेले, बघतात असं वाटावं म्हणून बुबुळात पांढरा ठिपकाही त्यानंच दिलेला. त्यानं ब्लेड खाली ठेवलं, पाणी प्यायला, पुन्हा ब्लेड घेतलं. शेवटी पेटी उलटी करून बुडाकडून कापली आणि पेनड्राईव्ह संगणकाला लावला. दुकानभर शेवंता मडगारवर बसली.

त्यानं पेनड्राईव्ह खिशात घातला आणि मोटारसायकल भडगावच्या रस्त्याला लावली. शेवंतेपेक्षा त्याला धाक होता तो आत्याचा. आत्याचा गळा हिवाळ्यात बसला तो उठलाच नव्हता. आजवर कानबाईच्या रात्री तिला या घरातून त्या घरात न्यायला बाया रांग लावायच्या. यंदा तिच्या घशातून धड हाकसुद्धा निघत नव्हती. गळा गेला त्याच्या आधी प्रेमराजनं गाणी रेकॉर्ड करून ठेवली होती म्हणून बरं. अभिमननं तिला शब्द दिला होता, "आत्या, तू नुसती ओट्यावर बसून राहा. रविवारी घराघरातून तूच गाशील." त्या दिवशी आत्या पहिल्यांदा नीट जेवली होती, असं तिची सून सांगत होती.

भडगावच्या अलीकडं केळीच्या मळ्याशेजारी निंबाचा ट्रॅक्टर लांबूनच ऐकू आला. खताची पोती लादलेली, आणि वर आत्याचा भरदार आवाज कानबाईला माहेरचा रस्ता सांगत होता. निंबा स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून बसला होता.

"हे घ्या," अभिमननं खिशातला पेनड्राईव्ह पुढं केला. "हे तुमचं खरं. ते माझं मला द्या."

निंबा पेनड्राईव्हकडं बघत राहिला. "नको ना भाऊ. ऱ्हाऊ द्या."

"अहो, पाकिटावर ट्रॅक्टर आहे. आत कानबाई कशी चालेल?"

"पैले मालेबी तसंच वाटनं. बदलूत म्हनं. पन भाऊ, ही गानं लागनी तधयपाशी मालकनी माय दुपारले वावरमा चहा धाडस. आधी पानीबी इचारे नही. आते म्हनस, निंबा, जरा आवाज वाढाड." त्यानं आवाज वाढवून दाखवला. "ही माय कोन शे गानारी?"

"माझी आत्या."

"मंग तं बिलकुल देत नही."

पण अभिमनला कामाचा अभिमान होता, आणि अभिमान असलेला माणूस भल्याचं ऐकत नाही. कव्हरवर जे आहे ते आत पाहिजे, नाहीतर कव्हराला अर्थ काय, यावर त्यानं पोत्यांसमोर उभं राहून निंबाला छोटं व्याख्यान दिलं. निंबाला ते पटलं नाही, पण पोती उतरायला उशीर होत होता. त्यानं पेनड्राईव्ह बदलून दिला आणि सुतकी तोंडानं शेवंता लावली. अभिमनला वाटलं, चला, एक तरी चूक दुरुस्त झाली.

आत्याच्या गावात तो पोचला तेव्हा घराघरात सारवणं, धुणं, पुसणं चाललं होतं. आधी तो शेजारच्या घरी गेला. दारात त्या घरची सून मेघा गव्हाचं सूप घेऊन बसली होती.

"या ना भाऊ. जळगावहून? बसा, चहा टाकते."

"चहा राहू द्या. कानबाईची पेटी घेतली का तुम्ही?"

"घेतली तर. सगळ्यांनी घेतली." मेघानं आत बोट दाखवलं. कोनाड्यात, धुतलेल्या पाटावर, पेटी ठेवली होती. तिला हळदकुंकू वाहिलेलं, फूल ठेवलेलं. कुणीतरी छापलेल्या नथीवर खरी मोत्याची बारकी नथ चिकटवली होती. ती नथ अभिमननं वाकून दोनदा बघितली.

"गाणी कशी वाटली?" त्यानं जीव मुठीत धरून विचारलं.

"ऐकली नाही अजून."

"का?"

"उघडायची कुठून तेच कळत नाही. आम्ही म्हटलं, तुम्ही आले की विचारू."

"अहो सोपं आहे. मधोमध ते गोल सील आहे ना, ते नखानं ओढायचं, की दोन्ही दारं..."

मेघाचं सूप हातात थांबलं. आतून तिच्या सासूचा आवाज आला. "कोन शे व ते? कानबाईनं कुकू फाडाले कोन सांगी ऱ्हायनं?"

"जळगावचे भाऊ आहेत, वच्छलाबाईंचे भाचे."

"त्याले सांग, आपली माय शे ती. आपली मायना कपायवरनं कुकू कोनी खरडस का?"

अभिमन चहा पिऊन पुढच्या घरी गेला. तिथंही चहा, तिथंही पाट, तिथंही पेटी जशीच्या तशी. एका घरी मुलानं ब्लेड लावून बघितलं होतं. त्याच्या आजीनं त्याला देवीपुढं नाक घासायला लावलं होतं आणि सीलवर ओरखडा आला तिथं खरं कुंकू भरलं होतं. एका घरी पेटीला लोकरीचं टोपरं विणलं होतं. चहा सगळीकडं. संध्याकाळपर्यंत अभिमनला दोन गोष्टी कळल्या. शेवंता कुणाच्याही घरात शिरली नव्हती. आणि आत्याही कुणाच्याच घरात शिरणार नव्हती. त्यानं बायांसाठी पेटी केली होती, आणि ती बायांना इतकी आवडली होती की आतली गाणी आतच राहिली.

पण निंबाकडून आणलेला एक पेनड्राईव्ह होता ना. तो घेऊन तो मेघाकडं परत गेला. एका घरी जरी वाजला तरी आत्याच्या ओट्यापर्यंत ऐकू गेला असता.

मेघानं पेनड्राईव्ह दोन्ही बाजूंनी पाहिला. "यात कानबाई आहे?"

"आत आहे. गाण्यात."

"पण हा तर काळा आहे हो भाऊ."

सासू आता दारातच येऊन उभी होती. "सननं काळं घरमा आनाव नही," तिनं निकाल दिला. "आनि गानं आमले येतसच ना. गानं ऐकाले कोन पेटी लिधी? पेटी कानबाईजोडे ठेवाले लिधी."

काळा रंग भारी दिसतो, असं कोण म्हणालं होतं ते अभिमनला आठवलं. त्यानं पेनड्राईव्ह खिशात घातला.

आत्या ओट्यावर बसली होती. भाच्याला बघून तिनं हातानंच बस म्हटलं. आवाज घोगरा, कापूस पिंजल्यासारखा.

"काय रे अभ्या, दिवसभर लोकेसना घरमा काय शोधी ऱ्हायना?"

त्यानं सांगितलं, शेवंता वगळून. पेट्या कुणी उघडल्या नाहीत, का उघडल्या नाहीत, तेवढंच. मग खिशातला पेनड्राईव्ह काढून म्हणाला, "तुझ्या घरी तरी लावू. स्पीकर आहे ना?"

"मना घरमा मना आवाज काय कामना?" आत्या म्हणाली. "घरमा मी शे ना जित्ती. लोकेसना घरमाईन ऐकू येवाले जोयजे." मग थोड्या वेळानं, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं तिनं विचारलं, "इतली बेस करी का रे तू पेटी, का कोनी उघाडीच नही?"

अभिमननं पेनड्राईव्ह परत खिशात सरकवला.

रविवार अभिमननं खिचडीवर काढला. घरोघर पुरणाचा, खिरीचा वास. पण कानबाईचे रोट भावकीबाहेर देत नाहीत, आणि आत्या सख्खी असली तरी तिची भावकी वेगळी. तिनं त्याच्यासाठी वेगळी खिचडी टाकायला लावली. ती खाताना तो भिंतीपलीकडच्या रोटांचा वास घेत होता. रात्री बाया आपल्या गळ्यानं गायल्या, पाठ होतं तेवढं, मधली कडवी विसरत, एकमेकींवर ढकलत. एरवी विसरलेलं कडवं आत्या उचलायची. आता ओट्यावर बसून ती नुसते ओठ हलवत होती. पेट्या पाटावर डोळे उघडे ठेवून गप्प बसल्या होत्या. अभिमननं ते बघायचं टाळलं.

सोमवारी सकाळी धुळ्याहून प्रेमराज हजर. जाहिरातीसाठी नदीवर पेट्यांचा व्हिडिओ काढायचा होता त्याला. "उघडल्याच नाहीत?" तो अभिमनच्या कानाशी म्हणाला. "वाचलो भाऊ आपण. देवीनंच वाचवलं."

"तुला वाचवलं. आत्याचं काय?"

प्रेमराजनं मोबाईलची काच शर्टला पुसली.

रात्रभर भुरभुर झाली होती, नदीचा रस्ता चिखलाचा. तरण्याताठ्या बाया पाट डोक्यावर घेऊन चालत निघाल्या. म्हाताऱ्यांना आणि वाड्यावस्त्यांवरच्या कानबायांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणायचं ठरलं. आत्या काठी टेकत, अभिमनचा दंड धरून, सगळ्यांच्या मागं होती. बाया गात होत्या, पण रात्रभर गाऊन त्यांचेही गळे आता आत्यासारखेच झाले होते. वळणावर गाणं पार बसलं.

आणि मग केळीच्या मळ्यामागून आत्याचा आवाज आला.

आत्या थांबली. अभिमनच्या दंडावरची तिची बोटं घट्ट झाली. मळ्यामागून एक ट्रॅक्टर बाहेर आला, ट्रॉलीत म्हाताऱ्या आणि एक सजवलेली कानबाई, आणि टेपवर वच्छलाबाई, गळा शाबूत असतानाच्या. तो पुरता दिसतो न दिसतो तोच बांधावरून दुसरा आला, तेच गाणं, एक कडवं मागं. पलीकडच्या वस्तीवरून तिसरा. ड्रायव्हरांना कुणी सांगितलं नव्हतं. गेला आठवडाभर टेपला तोच पेनड्राईव्ह होता. नदीच्या उतारावर सगळे ट्रॅक्टर जमले तेव्हा एक वच्छला गाऊन थांबत होती आणि दुसरी उचलत होती. बायांना विसरलेली कडवी मिळाली. बसलेल्या गळ्यांनी त्या पुन्हा गाऊ लागल्या.

"अभ्या," आत्या म्हणाली, "कितल्या वच्छला शेत रे?"

"बठ्ठ्या तूच," अभिमन म्हणाला.

एवढ्यात शेवटचा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत निंबाच्या मालकाची आई, मांडीवर कानबाईचा पाट. आणि नदीकाठ हादरेल अशा ठेक्यात शेवंता मडगारवर बसली.

वच्छला एकेक करून थांबल्या. ड्रायव्हरांनी आवाज कमी केले. बाया गायच्या थांबल्या. मेघाच्या सासूनं पाट खाली टेकवला, दोन्ही हात मोकळे करून ठेवले. त्या हातांचं काय होणार ते अभिमनला दिसत होतं. तो चिखलातून धावत सुटला, एक चप्पल तिथंच राहिली.

"बंद करा, बंद करा ते."

निंबा शांत होता. "मी तं नको म्हने ना भाऊ. तुम्हीच बदली दिधं. कव्हरवर जे शे तेच आतमा पाहिजे म्हने."

"बटण कुठं आहे?"

"बटन तुटेल शे, पेनड्राईव्हबी आतमा अटकेल शे. काढाले पाना लागस. टूलबॉक्स खाली शे."

अभिमन टूलबॉक्समध्ये पाना शोधू लागला. साऱ्या गावात चुकीच्या जागी बरोबर गाणी वाजत होती. जी एक जागा त्यानं स्वतः दुरुस्त केली, तिथंच हे झालं होतं. शेवंता दुसऱ्या कडव्याला आली. पाना सापडेना.

तेव्हा मागून काठी वाजली. आत्या येऊन उभी होती, मान एका बाजूला कलंडून ऐकत. चेहऱ्यावर राग नव्हता. हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या घरात दिसावी तसं ती त्या गाण्याकडं बघत होती.

"थांब रे," ती म्हणाली. "हाई चाल तं मनी शे."

अभिमनच्या हातातला स्क्रूड्रायव्हर पडला. इतके महिने जे आठवत नव्हतं ते एका झटक्यात आठवलं. लहानपणी आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकलेलं कानबाईला सासरी धाडायचं गाणं, तेच, फक्त पळवलेलं. त्यानं प्रेमराजकडं पाहिलं. प्रेमराज गिरणेचं पात्र बघत होता, पहिल्यांदाच बघत असल्यासारखा.

आत्यानं काठीनं ट्रॉलीच्या फळीवर ताल धरला, आणि त्या पिंजलेल्या आवाजात, शेवंतेच्या शब्दांवर आपले शब्द टाकले. पहिली ओळ कुणाला ऐकूही गेली नाही. दुसरी मेघाच्या सासूनं उचलली. तिसऱ्या ओळीला काठावरच्या झाडून साऱ्या बाया गात होत्या, आणि शेवंता त्यांच्याखाली बुडून नुसता ठेका उरला होता. निंबाच्या मालकाच्या आईनं पाट शेजारणीच्या हाती दिला आणि त्या वयात फुगडीला हात पुढं केला.

मग नारळ नदीत गेले, आणि त्यांच्यामागं पेट्याही. देवीचं ते नदीचं, घरात कशाला ठेवायचं, असं बायांचं म्हणणं. कुंकवाची सीलं शेवटपर्यंत शाबूत होती. गिरणेतल्या माशांच्या वाट्याला शेवंता आली. त्यांच्याकडं खाच नसल्यानं त्यांनाही ती ऐकू आली नसणार.

"पुढल्या साली पेटी नवी लागेल ना भाऊ?" मेघानं जाता जाता विचारलं. "आमच्या माहेरीही सांगितलं आहे. गाणी नसली तरी चालेल."

प्रेमराजचे डोळे चमकले. अभिमननं त्याला कोपर मारलं.

निंबा ट्रॅक्टर वळवत होता. "भाऊ, माले मनं जुनं परत द्या," तो म्हणाला. पाना आता सापडला होता; अभिमननं मुकाट्यानं अडकलेली शेवंता उपसली आणि खिशातला पेनड्राईव्ह काढून दिला. "आनि पुढला साल पाकिटवर टॅक्टर नको. ह्या मायना फोटो टाका."

परतताना आत्या निंबाच्या ट्रॉलीत बसली. टेपवर ती स्वतःच होती. अभिमन एका पायात चप्पल घालून शेजारी बसला होता आणि डोक्यात नवं कव्हर जुळवत होता.

"आत्या, टाकायचा का खरंच तुझा फोटो?"

"टाक ना. मस्त लाल टॅक्टरवर बसाड माले. हातमा स्टिअरिंग दे." आत्यानं पदर नीट केला, जणू फोटो आत्ताच निघणार होता. मग तिनं भाच्याकडं तिरकं पाहिलं. "पन तोंडवर सील नको लावू रे बाबा. मांगे एक कोपराले जागा ठेव, बान काढ, आनि साफ लिख, ‘इथे फाडा’."